साबणाचा शिंपला

दिलेली वस्तू धड ठेवणं धाकट्याला जन्मात जमलं नाही. लहानपणी घड्याळ उघडायचा, रेडिओ उघडायचा आणि उरलेले स्क्रू मोठ्या ऐटीत आईच्या हातात आणून ठेवायचा. मोठा झाल्यावर नोकरीही त्याने फोडाफोडीचीच पकडली.

डबा द्यायला आलेली आई प्रयोगशाळेच्या दारातच थिजली. टेबलावर काचेच्या पट्टीला चिकटवलेला अर्धा शिंपला होता. दुसरा अर्धा शेजारी वाटीत. काठावरचा टवका तिने लांबूनच ओळखला. वस्तरा आपटून तो नवऱ्यानेच उडवला होता. चाळीस वर्षं त्या शिंपल्यात त्याचा दाढीचा साबण असायचा. तो गेल्यावर धाकट्याने आठवण म्हणून तेवढाच मागून नेला होता.

"मेल्या, बापाची आठवण करवतीने कापलीस?"

"आई, आधी बस."

"बसत नाही. जोड ते."

जोडणार काय, कपाळ! खाली मान घालून तो सांगू लागला. भोवतीच्या ट्रेमध्ये शिंपलेच शिंपले होते, जमिनीखालून उकरलेले, हजारो वर्षांपूर्वीचे. शिंपला थराथराने वाढतो आणि प्रत्येक थरात त्या दिवसांतल्या पाण्याची ऊब उतरते. एकेका थराची पूड यंत्रात घातली की तेव्हाचे उन्हाळे-हिवाळे कळतात. पण यंत्र खरं बोलतंय की नाही हे आधी पडताळायला हवं. त्यासाठी असा एक शिंपला हवा होता, ज्याचा शेवटचा दिवस कुणाला तरी पाठ आहे.

"बाबांनी बुडी मारून जिवंत काढलेला ना हा? लग्नानंतर पहिल्यांदा समुद्रावर गेलात तेव्हा. असा दुसरा कुठे मिळणार?"

"मला विचारायचंस."

"तू दिला नसतास."

"नसताच दिला."

त्याने पडद्यावरची नागमोडी रेघ दाखवली. "हे चढ म्हणजे उन्हाळे. हे उतार म्हणजे हिवाळे. आणि ही अगदी शेवटची कड. त्या दिवसाचं पाणी."

"बर्फ होतं बर्फ! मी कान बांधून काठावर बसलेले आणि हे पाण्यातून हाका मारतायत. ये गं, कोमट आहे, ये! मी कशाला जातेय? वारा नुसता झोंबत होता. जन्मभर दाढीला साबण लावता लावता म्हणायचे, कोमट होतं. मी म्हणायचे, पुरे झाल्या थापा."

"परत कधी गेलात समुद्रावर?"

"कुठलं जाणं! तुम्ही झालात. मग राहिलंच."

धाकट्याने रेघेच्या टोकाशी बोट ठेवलं. मग हळूच म्हणाला, "आई, वारा थंड असेल. पण समुद्र उशिरा निवतो. काठावर गारठा पडला तरी पाणी उन्हाळा धरून असतं. हा आकडा बघ. कोमटच होतं."

"तुझं यंत्र चुकलं असेल."

"तीनदा करून बघितलं."

आता ती स्टुलावर बसली. डब्याची पिशवी मांडीवर तशीच राहिली. वाटीतला अर्धा तुकडा तिने उचलला, नाकाशी नेला. साबणाचा वास अजून होता. आतल्या गुळगुळीत खळग्यावरून तिने अंगठा फिरवला, एकदा, पुन्हा एकदा.

"रागावलीस?" त्याने विचारलं.

"रागावू नको तर काय करू?" ती म्हणाली. "कापायचाच होता, तर ते असताना का नाही कापलास?"