पुरावा क्रमांक एकशे बारा

"कळवलं नाही! सख्ख्या भावाला कळवलं नाही!" तपासनिसांनी स्टुलावर हात असा आपटला की औषधाच्या बाटल्या अटेन्शनमध्ये उभ्या राहिल्या. "बहिणीच्या गळ्यावर सुरी फिरते आणि मला ते कुणाकडून कळतं? इस्त्रीवाल्याकडून!"

पलंगावरच्या बहिणीने गळ्याच्या पट्टीवर हात ठेवला. गाठ काढून पाच दिवस झाले होते. आणखी आठ दिवस तोंडातून शब्द काढायचा नाही, अशी डॉक्टरांची ताकीद होती. तिने उशाखालची वही ओढली आणि लिहिलं, 'दादा, गेल्या मंगळवारी फोनवर सांगितलं होतं.'

"खोटं! धादांत खोटं!"

पण हे म्हणताना तपासनिसांच्या मिशा खुशीत आल्या होत्या. खिशातून त्यांनी फोन काढला.

त्यांनी जन्मभर दुकानादुकानांतली वजनमापं तपासली होती. त्यांची जीप कोपऱ्यावर वळली की बाजारातले तराजू आपोआप सरळ होत, असं ते स्वतःच सांगत. निवृत्तीनंतर तराजू गेले, संशय मात्र नोकरीवर कायम राहिला. लोक फोनवर एक बोलतात आणि समोर कानांवर हात ठेवतात, याने त्यांच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. लिफ्टवाला 'उद्या येतो' म्हणून महिनाभर उगवला नाही आणि वर म्हणाला, मी असं बोललोच नव्हतो! त्याच दिवशी ते मोबाईल दुरुस्तीवाल्याकडे गेले.

कंपनीने फोनला असं कुलूप घातलं होतं की बोलणं रेकॉर्डच होऊ नये. "फोन माझा, कान माझे, आणि कुलूप यांचं?" तपासनीस दुकानात गरजले. दुरुस्तीवाल्याने फोन जेलब्रेक केला, कुलूप मोडलं, रेकॉर्डिंगचं ॲप घातलं. मग तीन बैठकांत ते ॲप तपासनिसांच्या मापाचं करून दिलं. 'हा कॉल रेकॉर्ड होत आहे' म्हणणारी बाई आधी हाकलली. प्रत्येक फाईलला आपोआप पुरावा क्रमांक पडेल अशी सोय केली. तेव्हापासून फोन इतका तापायला लागला की इस्त्रीवाल्याचं शर्टामागे एका खिशाचं काम कमी झालं.

दोन आठवड्यांत फोनची जागा भरली.

"काका, यात दोन्ही बाजूंचं बोलणं वेगवेगळं साठतं," दुरुस्तीवाला म्हणाला. "एक बाजू बंद केली तर जागा पुरेल."

"माझी बंद कर. माझं बोलणं मला शब्दन् शब्द पाठ असतं."

"अहो, पण तुमच्या बाजूशिवाय त्याला अर्थ काय..."

"वजन तपासतात ते दुकानदाराचं. तपासनिसाचं नाही."

दुरुस्तीवाल्याने मुकाट्याने बाजू बंद केली.

आता तोच फोन त्यांनी स्टुलावर, बहिणीच्या नाकासमोर ठेवला. "पुरावा क्रमांक एकशे बारा. मंगळवार, संध्याकाळी पाच वाजून दहा मिनिटं. लांबी सत्तेचाळीस मिनिटं. यात ऑपरेशन हा शब्द निघाला तर तुझे पाय धरतो. नाही निघाला, तर या घराचा उंबरठा मला बंद. भाऊ नव्हताच असं समज."

मेहुणे खुर्ची ओढून बसले. भाची दारात हाताची घडी घालून उभी राहिली. तपासनिसांनी बटण दाबलं.

"हॅलो दादा, कसा आहेस?"

बहिणीचा आवाज. पाच दिवसांत त्या घराने तो ऐकला नव्हता. मेहुण्यांनी चष्मा काढून उगाच पुसला.

पुढे काहीच नाही. पडद्यावर रेघ सपाट धावत राहिली.

"पुढे ढकला ना मामा," भाची म्हणाली.

"पुराव्याला कात्री लावायची नसते."

सहा मिनिटं गेली.

"हो दादा."

पुन्हा शांतता. चार मिनिटं.

"दादा, मला गुरुवारी..."

शांतता.

"मामा, फोन बिघडलाय का?"

"बिघडायला काय झालंय? एवढा वेळ मी बोलतोय!" तपासनीस छाती काढून म्हणाले.

"खरंय दादा," फोन म्हणाला. बऱ्याच वेळाने म्हणाला, "दादा, डॉक्टर म्हणाले की..."

अकरा मिनिटं. भिंतीवरचं घड्याळसुद्धा दबकत चालत होतं. पंच्याऐंशी किलोचा माणूस खुर्चीत बसल्या बसल्या घटत होता.

"ऐक ना, मला जरा भीती..."

शांतता.

"नाही, काही नाही. बरं दादा. ठेवते. जप हं."

रेकॉर्डिंग संपलं. सत्तेचाळीस मिनिटांत ऑपरेशन हा शब्द कुठेही नव्हता.

बहीण डोळे मिटून ऐकत होती. तिने डोळे उघडले, वही मांडीवर घेतली आणि सावकाश लिहून दादाकडे फिरवली. 'तुझं बरोबर आहे. मी सांगितलं नव्हतं.'

तपासनीस जिंकले होते. ठरल्याप्रमाणे उठून निघून जायचं होतं. पण ते खुर्चीतच बसून राहिले.

"मामा," भाचीचा आवाज संतापाने कापत होता. "'डॉक्टर म्हणाले की...' याच्यापुढची ती अकरा मिनिटं. तेव्हा तुम्ही काय सांगत होता?"

तपासनिसांना शब्दन् शब्द पाठ होतं. अकरा मिनिटं ते एकच तक्रार करत होते, की मला कुणी काही सांगत नाही.