सहाच्या आत

"गिअर आधी हलका कर, मग चढाला लाग. मध्येच खटाखट केलंस तर साखळी उतरेल," रेजिस पुढून म्हणाला.

लोईकनं मध्येच गिअर बदलला. साखळी उतरली.

रेजिस खाली उतरला. वाळकी काडी मोडून घेतली, तिच्या टोकानं साखळी पुन्हा दात्यांवर चढवून दिली, आणि हात गवताला पुसले. लोईक मात्र कानापर्यंत लाल झाला.

तुरुंगाच्या संचालिकाबाईंनी ही प्रथा पाडली होती. महिन्यातून एकदा, चांगल्या वागणुकीचा एक कैदी आणि एक पहारेकरी, दोघांनी सायकलवर जाऊन यायचं. जुने रूळ उखडून खडी टाकलेली वाट होती, क्रूझ नदीच्या कडेकडेनं. मोटारींना बंदी. लोकांच्या नजरा नकोत म्हणून दोघांनाही सारखीच निळी जर्सी. अट एकच: सहाच्या आत परत.

रेजिस अठ्ठावन्नचा होता, पिकल्या मिशांचा, पण पोटऱ्या दगडासारख्या. ही त्याची चौदावी फेरी. लोईक सव्वीसचा. मनगटावर गोंदलेलं, नखं कुरतडलेली. तो पहिल्यांदाच आला होता आणि सकाळपासून खांदे आखडून बसला होता.

"तुम्हाला किती वर्षं झाली इथं?" त्यानं विचारलं.

"एकोणीस. चार संचालक येऊन गेले. ही पाचवी, आणि त्यातल्या त्यात शहाणी."

"मला चारच महिने झालेत."

"तरीच. पहिलं वर्ष जड जातं. दारांचा आवाज डोक्यात बसतो. मग एक दिवस तो ऐकूच येईनासा होतो."

"आज काही गडबड झाली तर माझं सगळं संपलं."

"इथं कसली गडबड? फार तर एखादी गाय रुसेल."

लोईक पहिल्यांदा हसला. कुंपणापलीकडच्या तांबड्या गाई मान वर करून बघत होत्या. चाकांखाली खडी करकरत होती, बाकी आवाज नव्हता. दुपारी दोघांनी पाव आणि चीज खाल्लं. परतताना लोईकचे खांदे सैल झाले, आणि उतार लागल्यावर तो रेजिसच्या पुढे निघून गेला.

"वळणावर पुढचा ब्रेक दाबू नकोस," रेजिस मागून ओरडला.

लोईकनं दाबला.

दगडी पुलाच्या अलीकडे तो उजव्या खांद्यावर पडला. गळ्याजवळचं हाड कातडीखाली भलतीकडेच वर आलं होतं. दोघांनी फोनकडे पाहिलं. खोऱ्यात नेटवर्कची एक रेघ नव्हती.

"जवळचं घर सहा किलोमीटरवर आहे. मी जाऊन येतो," रेजिस म्हणाला.

लोईकनं चांगल्या हातानं त्याची बाही धरली. "मला इथं एकटं सोडून? हे चालणार नाही, तुम्हालाही माहीत आहे. नियम आहे."

"नियमाला खांदा नसतो, पोरा. तुला आहे."

"कुणाला कळलं तर?"

"मग कळेल. तू मला शब्द दे, इथून हलणार नाहीस."

"देतो. तुम्हीही द्या."

"दिला."

लोईकची बोटं हळूहळू सुटली.

रेजिसनं सायकल अशी दामटली की चाकांखालची खडी दोन्ही बाजूंना उडत होती. गावाच्या पाटीपाशी वाट फुटली. डावीकडे दुसऱ्या, चालू लाइनीवरचं स्टेशन, उजवीकडे ह्युगेतबाईंचं शेत. तिथं तो थांबला. बाटलीतलं पाणी प्यायला. अंगात अजून चाळीस किलोमीटर निघतील एवढा दम होता. स्टेशनावर गाडीची शिट्टी झाली. ती विरेपर्यंत तो उभा राहिला, मग उजवीकडे वळला.

ह्युगेतबाई कोंबड्यांना दाणे टाकत होत्या. त्यांनी निळी जर्सी ओळखली.

"तुरुंगातले ना तुम्ही? आणि जोडीदार कुठाय?"

"पुलाजवळ पडलाय. हाड मोडलंय. तुमची गाडी हवी."

"त्याला एकटा सोडून आलात?" त्यांनी टोपली खाली ठेवली. "मोडला असेल खांदा, पाय तर धड आहेत ना? एव्हाना तो पुढच्या खोऱ्यात पोचला असेल. अहो, तुमच्या वयाला शोभतं का हे?"

"तो तिथंच असेल. माझा भरवसा आहे."

"भरवसा माझा नवऱ्यावरही होता," बाई म्हणाल्या, पण किल्ली आणायला आत गेल्या.

बाईंनी बंदी न जुमानता गाडी वाटेवर घातली. दोघं पुलाशी पोचले तेव्हा वळणावर नुसती सायकल आडवी पडली होती.

"बघा. सांगितलं होतं की नाही," ह्युगेतबाई म्हणाल्या.

रेजिस उतरून पुढे गेला. चेस्टनटच्या बुंध्याला टेकून लोईक सावलीत बसला होता, चेहरा पिठासारखा पांढरा. रेजिसला पाहून तो धडपडत उठला. त्याचे डोळे भरून आले.

"आलात," तो म्हणाला.

"शब्द दिला होता. चल, दवाखान्यात."

"आधी परत. सहाच्या आत. डॉक्टर तिथंही आहेत."

सहाला दहा कमी असताना ह्युगेतबाईंनी त्यांना फाटकाशी सोडलं. "नशीबवान आहात," त्या रेजिसच्या कानात पुटपुटल्या. डॉक्टरांनी लोईकचा हात गळ्यात अडकवून दिला आणि घटकाभर पडून राहायला सांगितलं. लोईक ऐकेना. तो रेजिसबरोबर लांब बोळातून चालत निघाला. एकतीस नंबरच्या दाराशी दोघं थांबले.

"उजव्या कुशीवर झोपू नकोस," रेजिस म्हणाला.

"नाही झोपणार."

"आणि पुढच्या खेपेला मागचा ब्रेक."

लोईकनं मान हलवली. रेजिसनं त्याच्या धड खांद्यावर थोपटलं, आत जाऊन खाटेवर बसला आणि बुटांच्या नाड्या सोडू लागला. लोईकनं डाव्या हातानं लोखंडी दार हळूच ओढून घेतलं आणि बाहेरून किल्ली फिरवली.