डोरीनबाईंचं ग्रेपफ्रूट

फार्मसीच्या परीक्षेत डोरीनबाई खोट्या पेशंट व्हायच्या. नियम कडक: विद्यार्थ्यानं खाण्यापिण्याबद्दल विचारल्याशिवाय ग्रेपफ्रूटचं नाव काढायचं नाही. कोलेस्टेरॉलच्या गोळीशी त्या फळाचं वाकडं. ते हुडकलं तरच पास. आज टारस नावाच्या विद्यार्थ्याची शेवटची संधी. हुकली की अख्खं वर्ष परत. पोरगं पाठ केलेलं घडाघडा बोलत होतं, पण खाण्याचं विचारेना. बाईंचा जीव वरखाली झाला. शेवटी त्यांनी लोकरी कोटातून ग्रेपफ्रूट काढून टेबलावर ठेवलं. “मॅडम, परीक्षेत खायला बंदी आहे,” टारस म्हणाला. बाईंनी कपाळावर हात मारून घेतला. टारस ओशाळला. “फार आवडतं वाटतं?” झाला प्रश्न! “रोज खाते रे, रोज!” “या गोळ्यांबरोबर? आजपासून बंद!” काचेमागून सगळं बघत असलेल्या परीक्षक आत आल्या. “टारस पास. डोरीनबाई, तुम्ही नापास. पेशंटगिरीचं शिक्षण पुन्हा पहिल्यापासून.” “घेते की,” बाई ग्रेपफ्रूट उचलत म्हणाल्या, “तिथं खायला चालतं ना?”