तीसपैकी सव्वीस

परीक्षेत दुसऱ्याला उत्तर सांगणं ही चोरीच, किंबहुना चोरीहून वाईट, असं बाई एकतीस वर्षं वर्गात सांगत आल्या. निवृत्तीनंतर चौथ्या महिन्यात त्यांनी स्वतःच्या वडिलांना तीन उत्तरं सांगितली.

मेंदूविकार विभागात नव्या औषधाच्या चाचणीसाठी माणसं निवडत होते. औषध जंगलातल्या एका बुरशीचं. झाडांच्या अभ्यासकांना ती सालीवर सापडली, क्रीमवाल्यांनी सुरकुत्यांवर लावून पाहिली, आता विसराळूपणाची पाळी होती. बाबांचा नंबर लागावा म्हणून बाईंनी आठ महिने खेटे घातले होते.

"मघाशी पाच शब्द सांगितले होते, आजोबा. कुठले?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"दोरी," बाबा म्हणाले. "रविवार." मग ते लेकीकडे बघायला लागले. शेवटच्या बाकावरची पोरं बघायची, अगदी तसे.

बाईंनी नाक खाजवलं.

"नाक."

बाईंनी पर्समधल्या किल्ल्या वाजवल्या आणि खिडकीबाहेरच्या झाडावर नजर रोखली.

"किल्ली. झाड." बाबा ताठ बसले.

बेरीज झाली. "छान, आजोबा. तीसपैकी सव्वीस." बाबा टोपी सारखी करत बाहेर गेले.

"आनंदाची गोष्ट आहे," डॉक्टरीणबाई लेकीला म्हणाल्या. "चोवीसच्या खाली असतील त्यांनाच औषध देतो. यांना गरज नाही."

बाई उभ्या राहिल्या. हात आपोआप मागे गेले. "तीन मी सांगितली."

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. "मला वाटलं, तुम्हाला सर्दी झालीय."

"परत घ्या ना. मी बाहेर थांबते. हवं तर रस्त्यावर जाऊन उभी राहते."

"हा कागद आता रद्द. आणि शब्द एकदा कानावरून गेले की सहा महिने परत घेता येत नाही."

बाहेर बाबा शेजारच्या अनोळखी माणसाला आकडा सांगून मोकळे झाले होते, बहुधा दुसऱ्यांदा.

"काय गं, तोंड का पाडलंस? बाप पास झाला ना?"

"झालात, बाबा."

"तेही काही पाठ न करता."

चाचणीची नावनोंदणी त्याच शुक्रवारी बंद झाली.