भिंतीमागची तीन पावलं

मुलगी व्हिडिओ गेममधले महाल, बोगदे, जिने रचायचं काम करायची. जन्मभर गवंडीकाम केलेल्या बाबांच्या मते मात्र ती ऑफिसात खेळत बसायची. शेवटी एका रविवारी तिने त्यांच्या हातात कंट्रोलर दिला आणि त्यांना आपल्या नव्या महालात सोडलं.

मागून राक्षस धावून आला. बाबांनी ढुंकूनही पाहिलं नाही. ते पावलं मोजत होते. राक्षसाने त्यांना चार वेळा लोळवलं. चौथ्यांदा पुन्हा जिवंत होताच ते म्हणाले, “ही खोली बाहेरून बारा पावलं भरते, आतून नऊच. उरलेली तीन गेली कुठे?”

मुलगी चपापली. तिथे तिने एक चोरखोली दडवली होती. ऑफिसातल्या चाळीस जणांना ती दोन महिन्यांत सापडली नव्हती.

“मी नाही सांगणार,” ती म्हणाली.

बाबांनी भिंतीला लाथ घातली. दगड सरकला. आत शिरून त्यांनी छत न्याहाळलं, एकेक कोपरा पाहिला. मग स्वयंपाकघराकडे तोंड करून ओरडले, “अगं, ऐकलंस का? पोरगी गवंडी निघाली, आणि इतकी वर्षं आपल्याला बोललीसुद्धा नाही!”