लाल चेहरा

बाबांचा चेहरा लालबुंद, डोळे तांबारलेले, चालताना झोक जायचा.

"वेलची चघळून वास लपवता. मला काय कळत नाही?" लेक म्हणायची.

"अगं, थेंबालाही शिवलो नाही."

तिने ऐकलं नाही. उलट बजावलं, आजोबांनी तान्ह्या चिऊला उचलून घ्यायचं नाही.

आज डॉक्टरीणबाई तिला म्हणाल्या, "जनुकांच्या तपासणीत दोष सापडलाय. यांची अस्थिमज्जा गरजेपेक्षा जास्त रक्त बनवते. म्हणून चेहरा लाल, म्हणून चक्कर. बरीच वर्षं असणार."

"म्हणजे दारूने नाही?"

"दारूचा काय संबंध?"

बाहेर बाकावर बाबा बसले होते. ती त्यांच्यापुढे उकिडवी बसली. "बाबा, चुकलं हो माझं."

"जाऊ दे गं. आता चिऊला उचलून घेतलं तर चालेल ना?"

चिऊ आता उंचीने त्यांच्या खांद्याला लागत होती.