नीट लावलेली फाइल

एका विद्यार्थिनीच्या पत्राला इतिहासाच्या सरांनी कित्येक वर्षं उत्तर दिलं नव्हतं. "नेहमीच्या कामकाजात तयार झालेले आणि जागच्या जागी जपलेले कागद खरे मानावेत, असं तुमचं पुस्तक सांगतं. मला ते पटत नाही. सर, माझं कुठे चुकतंय?" एवढंच तिनं विचारलं होतं. पण त्याच नियमावर सरांची सारी कारकीर्द उभी होती. तो ढासळला तर आपण आयुष्यभर शिकवलं तरी काय, असं त्यांना वाटायचं. ते उत्तर लिहीत, सवयीनं त्याची स्थळप्रत, म्हणजे आपल्याजवळ ठेवायची नक्कल, फाइलला लावत आणि पाठवायचा धीर न होऊन मूळ पत्र फाडून टाकत.

आज कपाट आवरताना ती फाइल बायकोच्या हाती लागली.

"अहो, मी उगाच तुम्हाला बोलत होते. त्या पोरीला तुम्ही डझनभर उत्तरं लिहिलीत की! तारीख, सही, सगळं जिथल्या तिथे."

"त्यातलं एकही गेलेलं नाही गं."

"काय सांगता! ही फाइल बघून कुणीही शपथेवर सांगेल, सगळी गेली म्हणून."

सरांनी फाइल तिच्या हातून घेऊन चाळली. मग त्यांना असं हसू फुटलं की डोळ्यांत पाणी आलं. नियम ढासळला होता, आणि घरात काहीसुद्धा पडलं नव्हतं. त्यांनी दोन ओळी लिहिल्या, चपला अडकवल्या आणि कोपऱ्यावरच्या पेटीत पत्र टाकून आले:

"तुझं काहीच चुकलेलं नाही. पुरावा माझ्याच कपाटात सापडला."